तीच ही गाडी, तोच हा देव

नवी गाडी शोरूममधून निघाली की पंढरपुरातला माणूस ती सहसा आधी देवाच्या दिशेने वळवतो. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबे, पुढ्यात नारळ. काचेवर 'माउली' नाहीतर 'विठ्ठल कृपा'. पाटीवरचा नंबर मनाजोगा मिळावा म्हणून काहींनी आरटीओत जादा पैसे भरलेले असतात. ४१४१ चा 'दादा' आणि ८०५५ चा 'बॉस' करणारे हौशी महाराष्ट्रात कमी नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी सक्तीची झाली आणि ही हौस थोडी आवरती घ्यावी लागली, एवढेच. शहरात एम.एच. १३ म्हणजे सोलापूरचे पासिंगही दिसते आणि एम.एच. ४५ म्हणजे अकलूजचेही.

या सगळ्या कौतुकात एका नंबराला मात्र कुणी कुंकू लावत नाही. तो असतो मोटारसायकलच्या हँडलखालच्या मानेवर, ट्रकच्या चेसिसच्या लांब पट्टीवर, कारच्या सीटखाली किंवा इंजिनामागच्या पत्र्यावर. ग्रीस आणि धुळीत माखलेला. मेकॅनिक त्याला 'चेसी नंबर' म्हणतात. तो निवडता येत नाही, विकत घेता येत नाही, लिलावात मागता येत नाही. मालक बदलला, गाव बदलले, रंग बदलला, पासिंग दुसऱ्या जिल्ह्याचे झाले, तरी तो तोच राहतो. पाटीवरचा नंबर हा गाडीचा पत्ता म्हणावा. चेसी नंबर ही तिची जन्मखूण.

आज जगभर ही खूण सतरा अक्षरांची आहे. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सतरा अक्षरे सक्तीची झाली. आंतरराष्ट्रीय मानक त्याआधीच, १९७७ मध्ये, आले होते. भारतात यासाठी एआयएस-०६५ हे मानक आहे आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२२ वा नियम चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक व उत्पादनाचा महिना गाडीवर कोरण्याची सक्ती करतो. सतरापैकी पहिली तीन अक्षरे निर्मात्याची. एम-ए-३ वाचले की मारुती, एम-ए-१ म्हणजे महिंद्रा, एम-ए-टी टाटा, एम-डी-२ बजाज. पुढची सहा गाडीचा प्रकार सांगतात: बांधणी, इंजिन, इंधन. शेवटची आठ त्या एका गाडीची स्वतःची. रोमन आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कुठेही वापरत नाहीत, कारण एक आणि शून्याशी त्यांची गल्लत होते. दहावे अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्षाचे असते. २०१० ला ए, २०२० ला एल, २०२५ ला एस. तीस वर्षांनी चक्र पुन्हा पहिल्यावर येते, म्हणजे ए हा १९८० चाही होता आणि २०४० चाही होईल.

जानेवारीत 'नवीकोरी' म्हणून गळ्यात मारली जाणारी गाडी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात बनून यार्डात उभी होती, हे याच अक्षरांवरून कळते. सुट्या भागात दोष निघाला म्हणून कंपनी गाड्या परत बोलावते तेव्हाही हाच नंबर लागतो. मारुतीच्या अशा सूचनांमध्ये ग्राहकाला एम-ए-३ आणि त्यापुढची चौदा अक्षरे भरायला सांगितलेले असते. पाटीवरचा नंबर तिथे उपयोगाचा नाही.

हे झाले व्यवहाराचे. पण या नंबराची गरजच का पडली, हे विचारू लागले की प्रश्न आरटीओच्या आवारातून निघून फार जुन्या ठिकाणी पोहोचतो.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला यवन राजा मिलिंद, म्हणजे ग्रीकांचा मिनँडर, भिक्षू नागसेनाला भेटायला रथातून आला. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तो संवाद आहे. नागसेनाने त्यालाच विचारले की रथ म्हणजे नेमके काय. आस म्हणजे रथ का? चाके? जू? साटा? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग हे सगळे मिळून? तरीही नाही. यांच्याहून वेगळे काही? तेही नाही. शेवटी दोघे या ठिकाणी आले की या सगळ्या भागांच्या आधाराने वापरायचे एक सोयीचे नाव म्हणजे रथ. आणि माणूसही तसाच. बौद्धांचे हे उत्तर वैशेषिकांना पटले नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा 'अवयवी' खरोखरच असतो. भाग जुळून एक नवी वस्तू जन्माला येते. नित्य द्रव्यांतला एक अणू दुसऱ्या सारख्याच अणूपासून वेगळा कशाने, याचे उत्तर म्हणून त्यांनी 'विशेष' नावाचा पदार्थच मानला. तंतोतंत सारख्या दोन वस्तूंना वेगळे ठेवणारे काहीतरी हवे, ही अडचण त्यांनी ओळखली होती. कारखान्याच्या पट्ट्यावरून एकाच रंगाच्या, एकाच मॉडेलच्या हजारो गाड्या उतरू लागल्यावर तीच अडचण लोखंडात उभी राहिली, आणि तिथे 'विशेष' पंच मारून ठोकावा लागला.

ग्रीकांचे थीसियसचे जहाज अनेकांनी ऐकलेले असते: एकेक फळी बदलत गेलेले जहाज जुनेच म्हणायचे का? पंढरपूरला त्यासाठी अथेन्सला जायची गरज नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात, बाकीच्या रथामागे, आणि प्रत्येकीला क्रमांक असतो. गर्दीत चुकलेली म्हातारी गावाचे नाव सांगत नाही, 'रथामागे अमुक नंबर' एवढेच सांगते आणि कुणीतरी तिला बरोबर आणून पोचवते. त्या दिंडीतला विणेकरी बदलतो, टाळकरी थकतात, त्यांची मुले-नातवंडे येतात. चार पिढ्यांनी त्यात पहिल्यांमधला एकही माणूस उरलेला नसतो. पण दिंडी तीच. तीच असते कारण ती त्याच जागी चालते आणि पुढची-मागची दिंडी तिला ओळखते. नागसेनाला हे उदाहरण आवडले असते.

आता आरटीओकडे वळू, कारण तत्त्वज्ञांनी मोकळा सोडलेला प्रश्न तिथे रोज टेबलावर निकालात निघतो. 'सोऽयं देवदत्तः', तोच हा देवदत्त, हे वेदान्त्यांचे जुने घासलेले उदाहरण. काशीत पाहिलेला आणि इथे समोर उभा असलेला माणूस एकच, हे कशावरून? मोटार वाहन निरीक्षकाचे सगळे काम म्हणजे हेच वाक्य गाडीबद्दल म्हणणे. इंजिन बदलले तर परवानगी घेऊन आरसी बुकात नवा क्रमांक चढवता येतो. बॉडी बदलते, रंग बदलतो, पेट्रोलवरची गाडी सीएनजीवर जाते. तीही नोंद होते. गाडी मात्र तीच राहते. तिची ओळख चेसिसवरच्या सतरा अक्षरांना बांधलेली आहे.

पण ओळख खरोखर त्या अक्षरांत आहे का? इथे दोन गाड्या शेजारी उभ्या करून पाहाव्यात. पहिलीचा नंबर गंजून गेला. मालक रीतसर अर्ज करतो, अधिकारी कागद तपासतात, आणि परवानगीने तो पुन्हा ठोकला जातो. अक्षरे नवी, आजची, पण गाडी खरी. दुसरी चोरीची. चोराने अपघातात चेंदामेंदा झालेल्या तशाच एका गाडीचे कागद भंगारवाल्याकडून मिळवले आणि तिचा नंबर चोरीच्या गाडीवर बेमालूम ठोकला. अक्षरे अचूक, कागद अस्सल, पण गाडी खोटी. म्हणजे खूण एकटी काही सिद्ध करत नाही. नोंदवहीही एकटी काही सिद्ध करत नाही. खूण आणि नोंद यांच्यामध्ये जो अखंड, कुणीतरी राखलेला दुवा असतो, तिथे ओळख असते. तो दुवा तुटला की अक्षर न् अक्षर जुळूनही उपयोग नाही.

म्हणून जुन्या गाडीच्या बाजारातला जाणता माणूस इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी वाकून चेसी नंबर पाहतो. अक्षरांची खोली आणि अंतर सारखे आहे का, भोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत का, तेवढ्याच जागेवर ताजा रंग का. मग तो नंबर आरसीशी, विम्याशी आणि सरकारच्या वाहन पोर्टलवरच्या नोंदीशी ताडतो. बँकेचा बोजा उतरला आहे का तेही बघतो. आरटीओच्या फॉर्मवर चेसिस क्रमांकाची पेन्सिल छाप लागते. नंबरावर कागद धरून शिसपेन्सिल घासायची, की लोखंडातले अक्षर कागदावर उमटते. सगळे ऑनलाइन होत असताना ही जुनाट रीत टिकून आहे, आणि टिकावी. नंबर टाइप कुणीही करू शकतो. छाप घ्यायला गाडीजवळ जावेच लागते.

अमेरिकेत आणखी एक युक्ती आहे. तिथे सतरातले नववे अक्षर तपासणीचे असते. बाकीच्या सोळांना ठरावीक किमती आणि वजने देऊन बेरीज करायची, अकराने भागायचे. जी बाकी उरेल ती नवव्या जागी असायला हवी, आणि बाकी दहा आली तर तिथे एक्स. नंबर स्वतःच स्वतःची साक्ष देतो. भारतात ही सक्ती नाही. मीमांसक म्हणत, ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानातूनच येते, स्वतः. नैयायिक म्हणत, ते बाहेरून तपासावे लागते, परतः. त्या हिशेबाने अमेरिकी नंबर थोडा मीमांसक आहे आणि आपला पक्का नैयायिक. मात्र त्या नवव्या अक्षराने पकडली जाते ती लिहिण्यातली चूक. दुसऱ्या गाडीचा आख्खा नंबर उचलला तर गणित बरोबरच येते. या वादात नैयायिकांची बाजू भक्कम दिसते.

खोडलेल्या नंबराची गोष्ट याहून खोल आहे. पंच मारताना अक्षर फक्त वरच्या थरावर उमटत नाही. घणाच्या दाबाने खालचा धातूही दबतो, त्याची घडण बदलते. चोर कानसीने दिसणारे अक्षर घालवतो, पण खालचा दाबलेला भाग राहतो. त्यावर ताम्र क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण लावले तर ताण पडलेला धातू आणि बाकीचा धातू वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि काही वेळा पुसलेला आकडा पुन्हा वर येतो. योगशास्त्र चित्तावरच्या संस्कारांबद्दल जे म्हणते त्याच्या इतके जवळचे भौतिक उदाहरण मिळणे कठीण आहे: कृती संपली, तिची आठवण पुसली, तरी ठसा राहिला, आणि योग्य निमित्त मिळताच तो फळाला आला.

मात्र ठसा नेहमीच वाचता येतो असे नाही. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोट झाला. ढिगाऱ्यात व्हॅनच्या चेसिसचा एक तुकडा सापडला, त्यावर नंबर होता. त्यावरून भाड्याने गाड्या देणारी कंपनी निघाली, आणि गाडी चोरीला गेली म्हणत अनामत रक्कम परत मागायला आलेला भाडेकरू पकडला गेला. मालेगावात २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात सहा माणसे गेली. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार बॉम्ब एलएमएल फ्रीडम मोटारसायकलवर होता. तिची पाटी खोटी होती, चेसिस क्रमांक खोडलेला होता. न्यायवैद्यक तज्ज्ञांना तो पुरता वाचता आला नाही. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले, आणि मोटारसायकल कुणाची हे सिद्ध झाले नाही, हा निकालातला एक मुद्दा होता. काही अक्षरे वाचता न आल्याने सतरा वर्षांचा खटला कुठे अडतो, हे त्यातून दिसले. मेलेल्यांच्या घरच्यांना यातल्या तर्कशास्त्राचा काय उपयोग, हा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड आहे.

गाडी मरते तेव्हाही नंबरच आधी मरावा लागतो. २०२१ च्या स्क्रॅपिंगच्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्राने गाडी तोडताना चेसिस क्रमांकाचा तुकडा कापून सहा महिने जपून ठेवायचा असतो. अस्थी ठेवाव्यात तसा. चाके, दरवाजे, सीट दुसऱ्या गाड्यांत जाऊन पुन्हा पळू लागतात. त्यांचा पुनर्जन्म कुणी नोंदवत नाही.

पंढरपुरात कोरलेल्या अक्षरांचा दुसरा एक प्रसिद्ध किस्सा आहे. विठ्ठल मंदिरातला 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ मधला. यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातली ती देणगीदारांची यादी आहे. राजापासून सामान्यांपर्यंत कुणी काय दिले त्याची नोंद. आपले नाव राहावे म्हणून लोकांनी ते दगडात घालून घेतले. पुढे श्रद्धा अशी बसली की या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. शतकानुशतके पाठी घासल्या गेल्या आणि अक्षरे झिजली. एकांनी नोंद राहावी म्हणून कोरले, दुसऱ्यांनी आपली नोंदच जन्ममरणाच्या वहीतून जावी म्हणून तेच घासले. दोघेही भाविकच.

आणि मग खुद्द देव. विठ्ठलाच्या मूर्तीबद्दल 'तीच ही का?' हा प्रश्न पंढरपुराने अनेकदा सोसला आहे. कृष्णदेवरायाने मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी परंपरा सांगते. हंपीच्या विजय विठ्ठल मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ मध्ये, मूर्ती माढ्याला हलवल्याची आठवण आहे. औरंगजेबाची छावणी जवळच ब्रह्मपुरीला होती तेव्हाही ती लपवावी लागल्याचे सांगतात. १८७३ मध्ये मूर्तीच्या पायांना इजा झाली, ते जोडावे लागले. गेल्या काही दशकांत झीज थांबवण्यासाठी रासायनिक वज्रलेप अनेकदा झाला, अगदी जून २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्येही. मोटारीच्या भाषेत सांगायचे तर हस्तांतर, अपघात, दुरुस्ती, रंगकाम, सगळे झाले.

डॉ. रा. चिं. ढेरे यांनी या प्रश्नाला हात घातला. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा त्यांचा ग्रंथ १९८४ चा, १९८७ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माढ्याच्या विठ्ठलमूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरे कोरलेली आहेत आणि स्कंदपुराणातल्या पांडुरंग माहात्म्यात आद्य मूर्तीचे तसेच वर्णन आहे, तेव्हा मूळ मूर्ती माढ्याची असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मोठे वादळ उठले. त्यात एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली: ढेऱ्यांची पद्धत ही अगदी निरीक्षकाचीच होती. अंगावरची कोरीव खूण घ्यायची, जुन्या नोंदीशी ताडायची, जुळले तर म्हणायचे 'सोऽयम्'. त्या पद्धतीत दोष काढणे अवघड आहे. विरोधकांनी कितीही रागाने बोलायचे म्हटले तरी त्यांना नोंद आणि खूण यांवरच बोलावे लागले.

तरीही वारी माढ्याला वळली नाही. हा अडाणीपणा म्हणता येईल का? चोरीच्या गाडीच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहिले तर उत्तर इतके सोपे राहत नाही. खूण आणि नोंद यांच्यामधला दुवा कोण राखतो, यावर सगळे अवलंबून होते. गाडीसाठी तो सरकार राखते. देवासाठी तो आषाढी-कार्तिकीला येणाऱ्यांनी राखला, आणि त्यांच्या वहीत छातीवरच्या अक्षरांचा रकानाच नव्हता. तिथे वीट होती, कमरेवरचे हात होते, आणि बापाने ज्याच्या पायावर डोके ठेवले तोच, ही खात्री होती. ढेरे मूर्तीच्या इतिहासाबद्दल बरोबर असतील, आणि तरीही देव पंढरपुरात असेल. या दोन विधानांत विरोध आहे असे वाटते, कारण आपण एकाच वस्तूला एकच नोंदवही असते असे धरून चालतो.

ती नोंदवही कुणाची, यावरून खरे भांडण १९४७ मध्ये झाले. दलितांना मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले. ते १० मे रोजी सुटले आणि मंदिराचे दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या वेळी बडव्यांमधल्या, म्हणजे मंदिराच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांमधल्या, काहींनी मूर्तीतले तेज मंत्रांनी काढून पाण्याच्या घागरीत घेतले, असे सांगतात. त्यांच्या बाजूने पाहिले तर युक्तिवाद चोख होता: प्राणप्रतिष्ठा मंत्राने होते, तर मंत्राने ती उठवताही येते, मागे उरतो तो दगड. जणू चेसिसवरचा नंबर कापून घेऊन सांगाडा लोकांना दिला. पण लोक त्याच 'सांगाड्या'समोर रांगेत उभे राहिले, आणि घागरीपुढे रांग लागली नाही.

पुजाऱ्यांच्या हातातल्या वहीचा प्रश्न पुढे कायद्याकडे गेला. १९७३ मध्ये पंढरपूर मंदिर कायदा झाला. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांनी वंशपरंपरागत हक्कांसाठी चालवलेला लढा अनेक वर्षे कोर्टात राहिला, आणि १५ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो त्यांच्याविरुद्ध निकाली काढला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी मुलाखती घेतल्या; त्या सर्व जातींच्या उमेदवारांना आणि स्त्रियांनाही खुल्या होत्या.